अर्धविरामावरून अबोला

आम्ही दोघी जावा. एकीचं बिऱ्हाड कुवेतला, दुसरीचं चिपळूणला. मे महिन्यात सगळे गावी जमतो तेव्हा घर पोरांच्या ताब्यात असतं. यंदा कुवेतच्या मुलाने यू-गी-ओची कार्डं आणली होती. मूळ जपानी खेळ, 1999 सालचा. इंग्रजी कार्डं 2002 पासूनची. घरात एकच अट घातली : शर्त लावायची नाही, जिंकणाऱ्याने दुसऱ्याचं कार्ड ठेवायचं नाही. ही भीती उगाच नव्हती. ‘मॅजिक’ नावाच्या अशाच खेळात सुरुवातीला एकेक कार्ड पणाला लावण्याचा नियमच होता.

भांडण मात्र निघालं भलत्याच गोष्टीवरून. चिपळूणच्याने ‘लाइटनिंग व्होर्टेक्स’ टाकलं. हातातलं एक कार्ड टाकून द्या. समोरच्याची उघडी पडलेली सगळी पात्रं नष्ट करा, असा त्याचा मजकूर. कुवेतच्याने लगेच ‘मॅजिक जॅमर’ने ते रद्द केलं. चिपळूणच्याने टाकलेलं कार्ड परत उचललं. “माझं कामच झालं नाही, तर मी कार्ड का घालवू?” कुवेतचा ओरडला, “चीटिंग!” त्यावर हा रडवेला होऊन म्हणाला, “मला इंग्रजी येत नाही म्हणून तू मनाचं सांगतोस.” हा मराठी शाळेत शिकतो. भावाभावांत दोन दिवस अबोला. दस्तरखानावरही पाठीला पाठ.

चीटिंग हा शब्द आम्हांला लागला. आमच्या पोराने लबाडी केली नव्हती, एक वाक्य वाचलं होतं. आणि ते वाक्य तसंही वाचता येतं, हे आम्हा दोघींना मान्य होतं. मग दुपारी कार्डं घेऊन आम्हीच बसलो, मोबाइलवर नियम शोधले. कळलं ते असं : 2011 पासून या कार्डांवर विरामचिन्हांना ठरावीक काम दिलं आहे. अपूर्णविरामाच्या आधी येते ती वेळ किंवा अट, कार्ड कधी वापरता येईल ती. अर्धविरामाच्या आधी येते ती किंमत किंवा तयारी. त्यानंतर परिणाम. परिणाम रद्द झाला तरी दिलेली किंमत परत मिळत नाही. अर्ज फेटाळला तरी फी परत येत नाही, तसंच. म्हणजे कुवेतच्याचं बरोबर होतं. पण विचारलं तेव्हा त्यालाही कारण सांगता आलं नाही. “सगळे असंच खेळतात,” एवढंच.

इंग्रजी चांगलं येणाऱ्यांचीही अशी फसगत होते. ‘मॅजिक’ 1993 साली बाजारात आला, त्याआधीच्या चाचणीत एका कार्डावर लिहिलं होतं, ‘अपोनंट लूझेस नेक्स्ट टर्न’. समोरच्याची पुढची पाळी जाते, असं ते सांगायचं होतं. खेळणाऱ्याने वाचलं, पुढच्या पाळीत समोरचा हरतो! छापताना मजकूर बदलून ‘एक जादा पाळी घ्या’ असा केला. मराठीत हा घोळ झालाच नसता. पाळी गमावणं वेगळं, हरणं वेगळं. चिपळूणच्याला हे फार आवडलं.

तिथून त्याला कार्डं वाचायचा नादच लागला. शब्दकोश मांडीवर, ओठ हलताहेत. ‘व्हेन’ आणि ‘इफ’ यांतला फरक त्यानेच शोधला. आपण बोलताना जेव्हा आणि जर यांत फारसा भेद करत नाही. इथे डाव फिरतो. ‘व्हेन... यू कॅन’ असं लिहिलं असेल, तर ती घटना अगदी शेवटची घडलेली असावी लागते. मोठं पात्र उतरवण्यासाठी कुवेतच्याने लहान पात्राचा बळी दिला आणि त्या लहान पात्राचा ‘व्हेन’वाला फायदा मागितला. “नाही मिळणार,” हा शांतपणे म्हणाला. “ते गेल्यावर मोठं पात्र उतरलं. शेवटची घटना ती.” कुवेतच्याने कार्ड हातात घेतलं, दोनदा वाचलं, आणि गपगुमान बाजूला ठेवलं. चीटिंग हा शब्द कुणीच काढला नाही. बडी अम्मीने आतून विचारलं, “आज आवाज कसा नाही?”

सुट्टी संपली. आता कुवेतहून नव्या कार्डाचा फोटो येतो आणि खाली प्रश्न : भाई, अर्धविराम कुठे आहे, बघून सांग.