हाकेतले नाव

मुलीसाठी दुर्मीळ केल्टिक नाव शोधणाऱ्या आईवडिलांची इच्छा बहुधा अशी असते की, शाळेच्या हजेरीपटावर त्याच नावाची दुसरी मुलगी नसावी आणि तरीही त्या नावामागे जुनी, समुद्राकाठची एखादी कथा उभी असावी. ही इच्छा निर्मळ आहे. परंतु ‘केल्टिक’ हे एका भाषेचे नाव नसून भाषांच्या एका घराण्याचे नाव आहे, आणि त्या घराण्यात आज सहा भाषा मोडतात, हे ध्यानात घेतल्यावाचून निवडीला खरा आरंभ होत नाही. आयर्लंडची आयरिश, स्कॉटलंडची गेलिक आणि आयल ऑफ मॅन या बेटावरची मँक्स ही त्यांतली एक शाखा. वेल्सची वेल्श, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलची कॉर्निश आणि फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांताची ब्रेटन ही दुसरी. मराठी आणि काश्मिरी या एकाच कुळातल्या भाषा असूनही पुण्याच्या माणसाला श्रीनगरचे बोलणे जसे कळत नाही, तसेच एका शाखेतले बोलणे दुसऱ्या शाखेतल्या माणसाला कळत नाही, आणि म्हणून आयरिश नाव व वेल्श नाव यांना एकाच टोपलीत घालणे हे दोघांवरही अन्याय करणारे आहे. शिवाय दुर्मीळपणा हा पुष्कळदा केवळ अंतराचा परिणाम असतो. ‘फिआ’ हे आयरिश नाव, ज्यात हरिणाचा आणि रानातल्या मोकळेपणाचा अर्थ सामावला आहे, परदेशातल्या कानांना अगदी अपूर्व वाटते. पण 2021 मध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेल्या मुलींच्या नावांत तेच पहिल्या क्रमांकावर होते.

या नावांची खरी अडचण, आणि खरी श्रीमंतीही, त्यांच्या लेखनात आहे. ‘नीव्ह’ या आयरिश नावाचा अर्थ तेज किंवा झळाळी असा आहे. पुराणकथेतली नीव्ह पांढऱ्या घोड्यावर बसून येते आणि ओशीन नावाच्या वीराला तीर ना नोग, म्हणजे चिरतारुण्याच्या भूमीला घेऊन जाते. तिथे त्याला जी थोडी वर्षे वाटतात ती आयर्लंडमध्ये तीनशे असतात, आणि परतल्यावर त्याचा देह मातीला लागताच ते सारे वय त्याच्यावर कोसळते. हे नाव रोमन लिपीत मात्र एन, आय, ए, एम, एच अशा अक्षरांनी लिहितात आणि इंग्रजी वाचणारा माणूस शेवटच्या दोन अक्षरांपाशी अडखळतो. त्या अक्षरांमागची हकिकत अशी आहे की, आयरिश भाषेत काही व्यंजने विशिष्ट ठिकाणी मऊ होतात. ‘म’चा ओठ मिटून होणारा उच्चार सैलावून ‘व’कडे झुकतो, आणि या बदलाला सौम्यीकरण म्हणता येईल. जुन्या गेलिक वळणाच्या छपाईत हा मऊपणा दाखवण्यासाठी व्यंजनाच्या डोक्यावर एक टिंब देत असत. विसाव्या शतकाच्या मध्याला रोमन टंक रूढ झाला तेव्हा ते टिंब गेले आणि त्याच्या जागी ‘एच’ हे अक्षर उभे राहिले. परक्याला जे निरर्थक वाटते ते अक्षर म्हणजे पूर्वी नावाच्या माथ्यावर असलेला एक बिंदू आहे.

माथ्यावरच्या बिंदूंचे जाणे मराठी वाचकाला अपरिचित नाही, कारण 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात न उरलेले अनुस्वार मराठीतूनही गेले. आयरिश लेखनसुधारणेतही न उच्चारली जाणारी अनेक अक्षरे त्याच सुमारास गळाली, तरीही माणसांच्या नावांनी जुने लेखन पुष्कळदा सोडले नाही. ‘फिआ’ हा हरिणवाचक शब्द आज तीन अक्षरांत लिहिला जातो, मुलीच्या नावात मात्र डी आणि एच ही दोन मूक अक्षरे अजून टिकून आहेत. म्हणूनच परदेशात वाढणाऱ्या मुलीची सोय व्हावी या हेतूने अशा नावाचे लेखन इंग्रजी वळणावर आणणे हा समजण्यासारखा, पण खेदाचा निर्णय वाटतो, कारण त्यात उच्चार राहतो आणि नावाचे वय हरवते. शिक्षिकेला एकदा सांगावे लागेल, दवाखान्यात पुन्हा सांगावे लागेल, हे खरेच. परंतु मालवण तालुक्यातल्या वराड गावाचे आडनाव लावणारे लिओ वराडकर 2017 मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा ते कोकणी वळणाचे आडनाव आयरिश बातम्यांत रोज उच्चारले जाऊ लागलेच. कानांना सवय होते, फक्त त्यांना तेवढी संधी द्यावी लागते.

लेखनाहून खोल गोष्ट हाकेची आहे. मराठीत राधेला हाक मारताना ‘राधे’ म्हणतात आणि गंगेला ‘गंगे’. स्कॉटिश गेलिकमध्ये संबोधनाच्या वेळी नावाचा शेवट नव्हे, तर आरंभ बदलतो. ‘मारी’ नावाच्या मुलीला अंगणातून बोलावताना त्या ‘म’वर तेच सौम्यीकरण होते आणि ‘अ व्हारी’ अशी हाक उमटते. ही हाक इतकी कानावर पडत राहिली की ‘व्हारी’ हेच स्वतंत्र नाव होऊन बसले आणि आज स्कॉटलंडमध्ये ते नोंदवहीत लिहिले जाते. जगातल्या बहुतेक नावांना अर्थ फुलाचा, देवतेचा किंवा गुणाचा असतो. या नावाच्या रूपातच कोणीतरी तिला बोलावत आहे. अर्थाच्या यादीवरून नाव निवडणाऱ्यांनी एकदा तरी दाराशी उभे राहून ते मोठ्याने हाकेत म्हणून पाहावे, असे व्हारीकडे पाहून वाटते.

कथेवरून नाव घेणाऱ्यांनी मात्र कथा शेवटपर्यंत वाचावी. वेल्श कथांमधली ओल्वेन जिथे पाऊल टाकी तिथे पांढरी तिपानी फुले उगवत, आणि तिच्या नावाचा अर्थच ‘शुभ्र पाऊलवाट’ असा सांगतात. ते निःशंकपणे कोणत्याही पाळण्यात शोभेल. ब्लोदाय्वेद, म्हणजे ‘पुष्पमुखी’, हे तितकेच सुंदर नाव आहे, पण ती फुलांपासून घडवली गेली ती एका पुरुषाला बायको मिळावी म्हणून, तिला कोणी काही विचारले नाही, आणि तिने दुसऱ्यावर प्रेम केल्यावर तिचे घुबड करण्यात आले.

कॉर्निश भाषेतले ‘एलोवेन’ हे नाव अलीकडचे आहे आणि त्याला कोणतीही राणी किंवा अप्सरा चिकटलेली नाही. त्या भाषेत झाडांचे साधे नाम बहुधा समूहाचे असते आणि एकच झाड सांगायचे झाल्यास त्याला शेवटी ‘एन’ हा प्रत्यय लागतो. एलो म्हणजे एल्मची झाडे, एलोवेन म्हणजे त्यांतले एक. ज्या भाषेची अखेरची जन्मजात भाषक म्हणून परंपरेने डॉली पेंट्रीथ या मासे विकणाऱ्या बाईचे नाव सांगतात, ती बाई 1777 मध्ये वारली; 1904 मध्ये हेन्री जेनर यांनी त्या भाषेचे शिकवणीचे पुस्तक काढले आणि मोजकी माणसे ती पुन्हा शिकू लागली. एल्मच्या झाडांचे दैव याच्या उलट निघाले. सालीत राहणाऱ्या भुंगेऱ्यांनी पसरवलेल्या बुरशीच्या रोगाने 1970 च्या दशकात ब्रिटनमधली मोठी एल्म झाडे प्रचंड संख्येने मेली, आणि आता कुंपणाच्या कडेला मुळांतून फुटवे येतात, काही वर्षे वाढतात व खोड जाड झाले की भुंगेरे पुन्हा येतात. झाड दुर्मीळ होत असताना त्याचा शब्द मुलींच्या रूपाने वाढतो आहे.

नाव ठेवण्याचे स्वातंत्र्यही सर्वत्र सहज मिळालेले नाही. फ्रान्समध्ये 1803 च्या कायद्याने पंचांगातली आणि प्राचीन इतिहासातली नावेच मान्य होती, त्यामुळे ब्रेटन नावांची काही मुले विसाव्या शतकातही नोंदवहीबाहेर राहिली. 1993 च्या कायद्याने निवड आईवडिलांच्या हाती आली.

आणि वेल्समध्ये एक नाव मुलीसह उचलून नेले गेले. ग्वेनथ्लियन 1282 मध्ये जन्मली. आई बाळंतपणात गेली, वडील लिवेलिन, वेल्सचे अखेरचे स्वतंत्र राजे, त्याच वर्षाच्या डिसेंबरात मारले गेले, आणि इंग्लंडच्या राजाने त्या तान्ह्या मुलीला लिंकनशरमधल्या सेंप्रिंगमच्या मठात पाठवले, जिथे ती 1337 मध्ये मरण पावेपर्यंत राहिली. तिच्या नावाच्या मध्यावर जो वेल्श ध्वनी आहे, तो ‘ल’ म्हणताना जीभ असते तिथेच ठेवून श्वास जिभेच्या कडेने नुसता सोडल्याने होतो. इंग्रजीत तो नाही, मराठीतही नाही, आणि देवनागरीतला ‘थ्ल’ ही त्याची जेमतेम खूण आहे. चोपन्न वर्षे ती परमुलखात होती. तिच्या मुलखातल्या कार्नेथाय पर्वतरांगेत लिवेलिन आणि त्यांचे भाऊ डाविद यांची नावे लावणारी शिखरे आधीपासून होती. 2009 मध्ये तिथल्याच आणखी एका शिखराला तिचे नाव मिळाले, आणि ते चढणारी माणसे आता वाट विचारताना तो कडेने सुटणारा श्वास उच्चारतात.