भिंतीचं टोक

सावित्रीच्या खाडीकाठी, म्हाप्रळच्या खालच्या अंगाला आमचं वडिलोपार्जित घर आहे. चिऱ्याचं, कौलारू. मागच्या पडवीतून उतरलं की माड, मग काठ आणि मग खाडी. अब्बा सांगायचे, त्यांच्या लहानपणी माडांच्या पुढे चिपीचं दाट बन होतं. भरतीचं पाणी त्या मुळांत शिरायचं आणि दमून परत जायचं. सरपणासाठी ते बन तुटलं. कुणा एकानं तोडलं नाही, सगळ्या मोहल्ल्यानं तोडलं. आमच्याही घरात चूल पेटत होतीच.

काठ उघडा पडला. त्यात रेतीचे बार्ज खाडीतून ये-जा करू लागले. त्यांची लाट काठावर आदळायची. दर पावसाळ्यात उधाणाला हात-दीड हात जमीन जायची. मी तेव्हा कुवेतला नोकरीला होतो. अब्बा फोनवर म्हणायचे, "बाबू, माडाची मुळं उघडी पडली रे."

१९९८ साली सुट्टीवर आलो तो भिंत बांधायचं ठरवूनच. पुरुषभर उंच, सिमेंटात बांधलेली सरळ चिरेबंदी भिंत. अब्बांनी बिस्मिल्ला म्हणून पहिला चिरा ठेवला. जमातीतल्या मंडळींनी कौतुक केलं. मीही फुशारलो.

माझी भिंत जिथे संपत होती, तिथे चाचीची वाडी सुरू होत होती. चाचा वारलेले, मुलगा मुंबईत टॅक्सी चालवायचा. दोन पावसाळ्यांनंतर मी आलो, तेव्हा चाची सांदणांची ताटली घेऊन आली. म्हणाली, "भिंत चांगली झाली रे तुझी. पण पाणी आता माझ्याकडे वळलंय."

मी म्हणालो, "चाची, पाणी का कुणाचं ऐकतं?"

त्या उत्तराची मला आजही लाज वाटते. पाणी खरंच वळलं होतं. भिंतीच्या टोकाशी वळसा घेऊन ते तिच्या उघड्या काठात शिरत होतं. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल जुम्म्याच्या बयानात मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. शेजारी उपाशी नाही ना, एवढंच बघायचं असतं, असं समजून चाललो होतो. माझ्या भिंतीनं त्याची जमीन खाल्ली तर तो कुठला हिशेब, हे मनात आलं नव्हतं.

जुलै २००५ मध्ये महाडला पूर आला, ते सगळं पाणी सावित्रीतून खाली उतरलं. सरळ भिंतीवर आदळणाऱ्या लाटांनी खालची माती आधीच उकरून नेली होती. मागे साचलेल्या पावसाच्या पाण्याला निघायला मी भोकं ठेवली नव्हती. पुढून पाया पोकळ, मागून पाण्याचा रेटा. भिंत खाडीत आडवी झाली. चाचीचे तीन माड त्याच रात्री गेले.

बंदराच्या कामांवर आयुष्य गेलेले एक निवृत्त इंजिनियर आमच्या ओळखीचे होते. ते पाहायला आले. म्हणाले, "पाण्याला अडवू नका, दमवा. आणि एकट्याचं काम करू नका. काठ एक आहे, बांधही एकच हवा."

परवानग्या काढण्यात वेळ गेला. मग पाच घरांनी मिळून उतरता बांध घातला. माती वाहून जाऊ नये म्हणून खाली जाड कापड, त्यावर बारीक दगड, वर मोठे आणि पायथ्याशी सगळ्यांत मोठे. पुढच्या चिखलात कांदळाच्या शेंगा खोचल्या. पहिल्या वर्षीच्या बहुतेक वाहून गेल्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा खोचल्या, त्या दगडांच्या आडोशाला धरल्या.

चाचीचा वाटा मी भरणार होतो. ती म्हणाली, "उधार म्हणून घेते." पुढे दर वर्षी नारळ पाठवून तिनं ते फेडले. मी नको म्हणालो नाही. तो तिचा हक्क होता.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची कौलं उडाली, माड मोडले. काठ मात्र जागेवर राहिला. ते पाहायला अब्बा नव्हते, चाचीही नव्हती. आता कांदळाच्या मुळांत खेकडे फिरतात. ओहोटीला जुन्या भिंतीचं टोक चिखलातून वर दिसतं. मुलगा म्हणतो, काढून टाकू या. मी म्हणतो, राहू दे.