डावी-उजवी

पानात वाढलेले टाकू नये, हा आपल्याकडचा पहिला संस्कार. त्यामुळे न जेवणारे मूल दिसले की आपण त्याला हट्टी ठरवून मोकळे होतो. दिल्लीत माझ्या शेजारीच राहणाऱ्या धाकट्या बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, आणि दहीभात, उकडलेला बटाटा व एका विशिष्ट प्रकारची बिस्किटे यांपलीकडे काही खात नाही. पुड्याचा रंग बदलला, तेव्हा त्याने बिस्किटेही सोडली. "दोन दिवस उपाशी ठेवा, पोटात कावळे ओरडू लागले की आपोआप खाईल," असे गावाहून येणारे प्रत्येक वडीलधारे माणूस सांगते. परंतु पुष्कळ स्वमग्न व्यक्तींना हे कावळे ऐकूच येत नाहीत. भुकेची जाणीवच अंधुक असते.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांविषयी जे लिहिले, त्यात काहींच्या खाण्याच्या तक्रारी नमूद होत्याच. तरी अशा आहारसंकोचाला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात स्वतंत्र नाव मिळायला २०१३ साल उजाडावे लागले! सडपातळ होण्याच्या ध्यासाने अन्न टाळणे निराळे. वासाने, स्पर्शाने, घास अडकण्याच्या भीतीने टाळणे निराळे. पहिल्या प्रकारातही स्वमग्न स्त्रिया आढळतातच. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात त्यांच्यासाठी सौम्य चवीचे वेगळे जेवण आखले गेले, कक्षातल्या रंगांचाही विचार झाला. जेवणाच्या आड भिंतीचा रंग येऊ शकतो, हे कोणा सुगरणीच्या ध्यानात येणार?

भाच्याचे वजन वर्षभर जागचे हलले नव्हते. आहारतज्ज्ञ बाईंनी आधी दात, पोट आणि रक्त तपासून घ्यायला लावले. एकांगी आहाराने स्वमग्न मुलांना स्कर्व्ही झाल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत. खलाशांचा रोग, आणि तो भरल्या घरात! मग नियम ठरला: नवा पदार्थ नुसता जवळ ठेवायचा, पाहणे, हुंगणे, शिवणे त्याच्या मर्जीने. आग्रह अजिबात नाही.

चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, ही आपली जुनी शिस्त. एकाला दुसरे लागू नये हा त्याचा आग्रह मला त्याच कुळातला वाटतो. फायलींचा क्रम बिघडला की अस्वस्थ होणाऱ्या कारकुनाने तरी त्याला हसू नये.

गेला महिनाभर त्याच्या ताटाबाहेर, डावीकडे, वाटीत घट्ट वरण असते. परवा त्याने त्यात बोट बुडवले, नाकाशी नेले आणि रुमालाला पुसले. बहिणीने वहीत तारीख टिपून ठेवली.