आवाज कुणाचा?

आपल्याकडे निकालाला रात्र लागत नाही. सकाळी आठला मोजणी सुरू होते, जेवणवेळेपर्यंत चित्र स्पष्ट होतं आणि उन्हं कलली की मालवणात गुलाल उधळायला लागतो. रात्र उरते ती कार्यकर्त्यांची.

23 नोव्हेंबर 2024ची, विधानसभा निकालाची, तर मजेशीरच. एकाने ‘आवाज कुणाचा?’ विचारायचं, बाकीच्यांनी ‘शिवसेनेचा!’ म्हणून गर्जायचं, ही जुनी रीत. पण कुडाळ मतदारसंघात (मालवण त्यातच येतं) पक्ष फुटल्यामुळे धनुष्यबाणही शिवसेनेचा आणि मशालही. धनुष्यबाणाचे निलेश राणे आठ हजारांवर मतांनी जिंकले, मशालीचे वैभव नाईक पडले. दोन्हीकडे सवाल तोच, जबाबही तोच. 2014 साली याच नाईकांनी इथेच निलेश यांचे वडील नारायण राणे यांना पाडलं, तेव्हा राणे काँग्रेसमध्ये होते. पुढे स्वतःचा पक्ष, मग भाजप. उपरणी बदलत गेली, गळे तेच.

याला लाचारी म्हणणं सोपं आहे. पण हा किनारा आधीपासून माणूस बघणारा. नाथ पै आणि मधु दंडवते यांना त्याने पुन्हा पुन्हा लोकसभेत पाठवलं तेही माणूस बघूनच. शिवाय मध्यरात्री पेशंट गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलात हलवायचा झाला, तर जाहीरनामा गाडी पाठवत नाही. साहेबांचा माणूस पाठवतो.

डीजे थांबला की खरी बैठक बसते. प्लास्टिकच्या खुर्च्या जवळ ओढल्या जातात, गुलालाने माखलेली बोटं मोबाइलवर आलेला बूथवार आकड्यांचा फोटो मोठा करत राहतात. ‘आपल्या बूथार लीड कितको रे?’ राज्यात सरकार कुणाचं आलं, ही चौकशी मागाहून. मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक बूथांच्या एकत्र मिसळून मोजता येत; यंत्र मात्र प्रत्येक बूथचा हिशेब वेगळा देतं. बऱ्याच यंत्रांची एकदम बेरीज दाखवणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने मांडला होता, तो काही अमलात आला नाही. म्हणजे माणसाचं मत गुप्त, वाडीचं चव्हाट्यावर. आमदार निवडून आलाय, तरी बूथ मागे पडलेला कार्यकर्ता त्या घोळक्यात मान खाली घालून बसतो. उद्या साहेबांपुढे काय सांगायचं, कोणत्या घरांनी दगा दिला, हे त्याच्या डोक्यात चालू असतं. आणि पाखाडी (पायऱ्यांची वाट) आधी कुठल्या वाडीत होणार, कुठली पुढच्या निवडणुकीपर्यंत लोंबकळणार, याचे आडाखे तिथेच, अंगावरचा गुलाल झटकता झटकता, बांधले जातात.