गुण आणि अनुमोदना

जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील चित्रमालिकांचे वर्ष चार हंगामांत विभागलेले असते. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत नव्या मालिकांचा लोंढा सुरू होतो. पुष्कळ मालिकांचे बारा-तेरा भाग असतात आणि प्रत्येक भाग सुमारे चोवीस मिनिटांचा. म्हणजे एक मालिका पूर्ण पाहायची तर साधारण पाच तास हवेत. नोकरी, घर आणि झोप सांभाळून उरणाऱ्या वेळात यांतल्या किती पाहायच्या आणि कोणत्या, हा प्रश्न रसिकतेचा होण्याआधी हिशेबाचा होतो.

सांगली जिल्ह्यातील एका शेतकरी जैन कुटुंबातली, सध्या पुण्यात लेखापरीक्षणाचे काम करणारी एक सव्वीस वर्षांची मुलगी हा हिशेब गेली नऊ वर्षे एका जाड वहीत ठेवीत आली आहे. वही साधी, लांबट, किराणा दुकानात उधारीसाठी वापरतात तशी. तिच्यात मालिकेचे नाव, पाहण्यास आरंभ केल्याची तारीख, पाहून संपल्याची किंवा सोडून दिल्याची तारीख, दहापैकी गुण आणि शेरा असे रकाने आहेत. आणखी एक रकाना आहे. तो नंतर आला, आणि त्याच्यामुळेच ही वही दखल घेण्याजोगी झाली.

‘ॲनिमे’ हा शब्द ज्येष्ठ वाचकांना परका वाटेल. वस्तू परकी नाही. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर आपल्या मुलांनी डोळे विस्फारून पाहिलेला मोगली जपानी चित्रमालिकेतलाच होता. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज आणि गुलजारांचे शीर्षकगीत यांमुळे ती मालिका इतकी घरची झाली की तिचे मूळ कोणी विचारले नाही. पुढच्या पिढीला हिंदी बोलणारा डोरेमॉन मिळाला. ही मुलगी त्या पिढीतली. डोरेमॉनपासून निघालेली वाट तिला महाविद्यालयात असताना मोठ्यांसाठी केलेल्या मालिकांपर्यंत घेऊन गेली.

गुण देण्याची तिची रीत कडक आहे. या क्षेत्रातल्या ‘मायॲनिमेलिस्ट’ या प्रसिद्ध सूचीत दहापैकी पाच म्हणजे ‘सामान्य’ आणि सात म्हणजे ‘चांगली’ असे अर्थ ठरलेले आहेत. व्यवहारात मात्र बहुसंख्य प्रेक्षक सात-आठच्या खाली उतरत नाहीत, त्यामुळे सहा गुण म्हणजे अपमान ठरतो. आपल्याकडे दहावीच्या निकालाचे जे झाले तेच. एके काळी साठ टक्क्यांना पेढे वाटले जात. आता नव्वद मिळाले तरी घरात चिंतेचे वातावरण असते. या मुलीच्या वहीत पाच म्हणजे पाचच: वेळ वाया गेला नाही, पण पुन्हा आठवणही येणार नाही. आठच्या पुढे ती क्वचित जाते. नऊ वर्षांत दहा गुण तिने फक्त दोनदा दिले आहेत.

शेवटचा भाग संपला त्या रात्री ती गुण लिहीत नाही. किमान आठ दिवस जाऊ देते. अखेरच्या भागातले संगीत आणि डोळ्यांतले पाणी यांच्या भरात दिलेला आकडा टिकत नाही, असा तिचा अनुभव आहे. दिलेला गुण पुढे चुकीचा वाटला तरी ती तो खोडत नाही. खाली नवी तारीख घालून नवा गुण लिहिते. ‘फ्रीरेन’ ही २०२३च्या सप्टेंबरअखेर सुरू झालेली अठ्ठावीस भागांची मालिका याचे उदाहरण. तिची नायिका हजार वर्षांहून अधिक जगलेली आहे. एका वीराबरोबर तिने दहा वर्षे प्रवास केला. तिच्या आयुष्याच्या मानाने तो काळ काहीच नव्हे. पन्नास वर्षांनी तो वीर म्हातारा होऊन मरतो, आणि त्याच्या अंत्यविधीच्या वेळी तिला कळते की आपण या माणसाला ओळखून घेण्याचा प्रयत्नच केला नाही. या मालिकेला वहीत प्रथम आठ गुण आहेत. पुढच्या वर्षी आजोबा गेले. त्यानंतर दोन महिन्यांनी त्याच नोंदीखाली नऊ गुण आणि शेरा आहे: ‘मालिका तीच आहे.’

प्रत्येकाची आवड निराळी, असे म्हणून वाद मिटवणाऱ्यांचा तिला राग येतो. आपल्या घरांत अशा वेळी अनेकान्ताचा हवाला देण्याची सवय आहे. पण अनेकान्त ही मत न देण्याची सोय नव्हे. कोणत्या नयाने बोलतो आहोत हे सांगून मग बोलण्याची ती शिस्त आहे. म्हणूनच तिच्या गुणाशेजारी नेहमी दोन-तीन शब्द असतात: ‘कथा म्हणून’, ‘चित्रे म्हणून’, ‘शेवट सोडून’. निव्वळ आकडा ती लिहीतच नाही.

गुण पाहून झाल्यावर द्यायचे असतात. निवड त्याआधी करायची असते. ॲनिमेच्या रसिकांत तीन भागांचा एक नियम रूढ आहे. तीन भाग पाहावेत, मग ठरवावे. २०११ सालच्या ‘मादोका मॅजिका’ या मालिकेने या नियमाला विशेष बळ दिले. गोड रंगांतली, लहान मुलींची वाटणारी ती कथा तिसऱ्या भागाच्या अखेरीस अशी काही उलटते की पहिल्या भागावरून केलेला तर्क कोसळतो. ही मुलगी हा नियम पाळते. पण अपवादही करते. मुलींच्या देहाचे अकारण प्रदर्शन दिसले की ती पहिल्याच भागात मालिका बंद करते आणि शेऱ्यात एक आडवी रेघ मारते. उलट ‘मुशिशी’सारख्या मालिकेला एकच भाग पुरे, कारण तिचा प्रत्येक भाग स्वतंत्र कथा आहे.

‘मुशिशी’ ही सव्वीस भागांची मालिका २००५-०६ मधली. तिच्यात ‘मुशी’ नावाचे जीव आहेत. ते ना वनस्पती ना प्राणी. जीवनाच्या मुळाशी असलेले, बहुतेकांच्या डोळ्यांना न दिसणारे. त्यांच्या संपर्काने माणसांना विचित्र व्याधी होतात. गिंको नावाचा जाणकार गावोगाव फिरून त्यावर उपाय करतो. परंतु मुशींना तो शत्रू मानत नाही. ते दुष्टपणे वागत नाहीत, केवळ जगत असतात, अशी त्याची धारणा आहे. शक्य तिथे दोघेही जगावेत असा मार्ग तो शोधतो. मुशी त्याच्याकडे ओढले जातात म्हणून त्याला एका ठिकाणी फार काळ राहताही येत नाही. सुट्टीत घरी आली असताना मुलीने यातले काही भाग आजीला दाखवले. संवाद जपानी, खालच्या ओळी इंग्रजी, आणि मराठी ती स्वतः सांगत होती. आजीला आश्चर्य असे वाटलेच नाही. “निगोदी जीव आपल्याला दिसत नाहीत, याला दिसतात एवढंच,” असे म्हणून तिने विषय निकालात काढला. तिची हरकत निराळीच होती: एवढा दयाळू माणूस विडी का ओढतो? तो धूर मुशींना दूर ठेवण्यासाठी आहे, हा खुलासा तिला पटला नाही. दहांपैकी एक मालिका ही. दुसऱ्या दहाचे नाव तिने अजून घरात सांगितलेले नाही.

सहावा रकाना आला तो आईच्या एका प्रश्नामुळे. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणारी मुलगी रात्री बारा वाजता तलवारबाजी आणि रक्तपात पाहते, याची संगती आईला लागेना. ‘सगळं खोटंच असतं’ हे उत्तर मुलीने दिले खरे. पण तिचे तिलाच ते पुरेसे वाटले नाही. हिंसा केवळ करण्याने होत नाही. कृत, कारित आणि अनुमोदना अशा तिन्ही वाटांनी तिचा दोष लागतो, हे पाठशाळेत तिने पाठ केलेले होते. पडद्यावरची हिंसा तिने केलेली नव्हती, करवलेली नव्हती. तिसऱ्या शब्दाचे काय? त्या आठवड्यात वहीत नवा रकाना आखला गेला: ‘अनुमोदना मागते का?’

रक्त किती सांडते हे या रकान्यात लिहिले जात नाही. मालिका प्रेक्षकाकडून काय काढून घेते, हे लिहिले जाते. घाव बसताच टाळी वाजवावीशी वाटेल अशी रचना आहे की पाहणारा गप्प होईल अशी? ‘डीमन स्लेयर’मध्ये राक्षसांची मुंडकी उडतात, पण नायक तान्जिरो मरणाऱ्या राक्षसाच्या पूर्वीच्या माणूसपणाविषयी हळहळतो. तिथे तिने लिहिले आहे: ‘मागते, आणि मग परत करते.’ काही मालिकांपुढे ‘मागते’ एवढेच आहे. त्यांतल्या दोन चित्रकलेच्या दृष्टीने अप्रतिम आहेत आणि त्यांना आठ-आठ गुणही आहेत. तरी त्या तिने अर्ध्यावर सोडल्या आणि कोणाला सुचवल्या नाहीत. कर्जदाराचा ताळेबंद निर्दोष असूनही कर्ज नाकारण्याचे प्रसंग येतात, त्यातलाच हा प्रकार. गुण एका खात्यात आणि संमती दुसऱ्या खात्यात.

या रकान्याची खरी कसोटी ‘विनलँड सागा’ने लावली. कथा अकराव्या शतकाच्या आरंभीची, उत्तर युरोपातल्या लुटारू दर्यावर्दींची. थॉर्फिनच्या वडिलांना, थॉर्सला, त्याच्या डोळ्यांदेखत मारले जाते. हा थॉर्स एके काळचा नावाजलेला योद्धा, पण पुढे शस्त्र टाकलेला. तुला कोणी शत्रू नाही, अशी शिकवण तो मुलाला देऊन गेलेला असतो. मुलगा ती ऐकत नाही. वडिलांच्या मारेकऱ्याशी द्वंद्व करता यावे म्हणून तो त्याच्याच टोळीत राबतो आणि माणसे मारीत मोठा होतो. २०१९ मधले पहिले चोवीस भाग हे असे. २०२३ मधल्या दुसऱ्या चोवीस भागांत मात्र तो डेन्मार्कमधल्या एका शेतावर गुलाम आहे. सूड घ्यायचा तो मारेकरीच दुसऱ्याच्या हातून मेला आहे आणि याच्या जगण्याला काही कारण उरलेले नाही. एनार नावाच्या सोबत्याबरोबर तो जंगल तोडतो, बुंधे उपटतो, गहू पेरतो.

हे भाग मुलीने दिवाळीत घरी पाहिले. बुंधे काढण्याचे श्रम पाहून वडील येता येता थांबले आणि खुर्ची ओढून बसले. उसाची शेती करणाऱ्या माणसाला ते दृश्य सोडवले नाही. पुढे शेतावरचे नोकर द्वेषाने या दोघांचा उगवलेला गहू उपटून टाकतात. थॉर्फिन त्यांच्यातल्या एकाला ठोसा मारतो. “बरं झालं, द्यायलाच हवा होता,” वडील म्हणाले. त्याच मारामारीत थॉर्फिन बेशुद्ध पडतो आणि स्वप्नात एका दरीत कोसळतो. तिथे मेलेले योद्धे अखंड लढत असतात, आणि त्याने मारलेली माणसे त्याला धरू पाहतात. जागा होतो तो रडत, आणि यापुढे हिंसा करणार नाही अशी प्रतिज्ञा करतो. वडील काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आपली बाजू मांडली: उभे पीक उपटणाऱ्याला आवरणे ही विरोधी हिंसा, गृहस्थाला तिची मुभा आहे; शास्त्रात संकल्पी हिंसेशी तिची गणना नाही. मुलीने ते मान्य केले. पण बाबा, ठोसा बसला तेव्हा तुम्हाला बरे वाटले ना, एवढेच तिने विचारले. त्यावर आईनेच आतून सांगितले, “मलाही वाटलं.” प्रश्न विचारणारी आई ती हीच.

याच मालिकेत पुढे थॉर्फिन राजाची भेट मिळावी म्हणून शंभर ठोसे खाण्याची अट स्वीकारतो आणि एकदाही हात उचलत नाही. पुष्कळांना हे भाग संथ वाटले. वहीत पहिल्या चोवीस भागांना आठ आणि दुसऱ्यांना नऊ गुण आहेत. तीन भागांचा नियम आणि सहावा रकाना हे दोन्ही तिने इथे काटेकोरपणे लावले असते, तर पहिल्याच पर्वातल्या रक्तपातापाशी ती थांबली असती आणि त्या प्रतिज्ञेपर्यंत पोहोचलीच नसती. उलट, पहिला रक्तपात वगळून प्रतिज्ञा पाहिली तर तिला वजन राहत नाही. या अडचणीवर तिला नियम सापडलेला नाही. शेऱ्यात तिने ‘पूर्ण खाते पाहूनच’ असे लिहिले आहे, आणि पूर्ण खाते पाहण्याइतका वेळ प्रत्येक मालिकेला देता येत नाही हेही तिला ठाऊक आहे. मग अनुभवी, विश्वासाचे कोणी सांगितले तरच ती रकान्याला सूट देते.

एका चित्रपटापुढे गुणांची जागा कोरी आहे. इसाओ ताकाहाता यांचा १९८८ सालचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. युद्धकाळात अनाथ झालेला मुलगा आणि उपासमारीने खंगत जाणारी त्याची धाकटी बहीण. तो तिने एकदाच पाहिला.

तेरा वर्षांच्या धाकट्या भावाला हे सारे फार अवघड करून ठेवलेले वाटते. त्याच्यासाठी वहीच्या शेवटी तिने काही पाने सोडली आहेत. ‘डीमन स्लेयर’ला त्याचे दहा आहेत. ‘विनलँड सागा’ त्याला दाखवायची की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी त्याने दिवाळीतले दुसऱ्या पर्वाचे काही भाग मोठ्यांच्या शेजारी बसून पाहिले आणि सहा गुण देऊन ‘शेती फार आहे’ असा शेरा लिहिला. तिने तो तसाच ठेवला. नव्या हंगामासाठी त्याने तीन मालिका सुचवल्या आहेत. दोन तिने यादीत घेतल्या. तिसरीचे तीन भाग ती आधी एकटी पाहणार आहे.