वॉल्व्हचा रेडिओ

जुना वॉल्व्हचा रेडिओ बंद पडला की ठपका आधी वॉल्व्हवर येतो. काचेचा, तापणारा, डोळ्यांना दिसणारा, म्हणून तोच गुन्हेगार! आम्ही भावंडांनी अब्बांच्या माघारी त्यांचा सेट उघडला, तेव्हा मोहल्ल्यातले बुजुर्ग मिस्त्री म्हणाले, "वॉल्व्ह पे इल्जाम मत लगाओ बेटा, पहले कंडेन्सर देखो."

वर्षानुवर्षे पडून असलेला सेट त्यांनी थेट विजेला जोडू दिला नाही. मध्ये साठ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावला. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, ट्रान्सफॉर्मर वाचतो. आमचा बल्ब क्षणभर उजळून मंदावला. अर्ध्या मिनिटात वॉल्व्हच्या पोटात लालसर उजेड आला. स्पीकरमधून मात्र नुसती घरघर.

घरघर म्हणजे फिल्टर कंडेन्सर सुकलेला. तो बदलला. मग आवाज आला, पण फाटका. आउटपुट वॉल्व्हही जरुरीपेक्षा जास्त तापू लागला. त्याच्या ग्रिडवर मीटर लावला, तर जिथे पॉझिटिव्ह व्होल्टेज असताच कामा नये तिथे ते निघाले. अलीकडचा कागदी कपलिंग कंडेन्सर गळत होता. हा क्षुल्लक तुकडा तसाच ठेवून नवा वॉल्व्ह बसवला असता, तर तोही गेला असता. सेट बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट टिकून राहू शकतात. रेझिस्टर लावून ते उतरवल्याशिवाय मिस्त्री आत हात घालू देत नसत.

लोक विचारतात, आता त्यावर ऐकणार काय? बीबीसी हिंदीचे रेडिओ प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले. शॉर्टवेव्हवर आता बहुतेक खरखरच.

पण आमचे सगळे शिक्षण मराठीतून झाले. अम्मीला उर्दू लिपी येत नव्हती, आम्हालाही नाही. ऑल इंडिया रेडिओची उर्दू सर्व्हिस १९६५ साली सुरू झाली. तिच्यामुळे जी उर्दू आमच्या डोळ्यांना परकी होती ती कानांना घरची झाली. सकाळी त्याच काट्यावर मराठी बातम्या. बाहेरचे विचारत, "तुम्ही इतकं चांगलं मराठी कसं बोलता?" नातलग विचारत, "उर्दू पढ़ते क्यों नहीं?" या दोन प्रश्नांच्या कात्रीत आम्ही वाढलो. त्या लाकडी पेटीने मात्र आम्हाला कधीच कुठली एक भाषा निवडायला लावली नाही.

भंगारवाला वजनावर भाव करून गेला होता. आमच्यातही दोन मते होती. दुरुस्तीनंतर सेट घरातच ठेवायचा, यावर एकमत झाले.