नॅनोग्रॅमचा हिशेब

कुंभकोणमला धातूचं वेड आहे. गावात पितळेची भांडी घडतात, जवळच्या स्वामिमलैत स्थपती पंचधातूच्या मूर्ती ओततात, नाचियारकोविलचे दिवे घरोघरी जातात. मेलकावेरीतल्या आमच्या तंजावुरी मराठी घरातही प्यायचं पाणी तांब्याच्या हंड्यात असायचं आणि कॉफी पितळी टंबलरात. मी मात्र नोकरीची सगळी वर्षं पाण्याला धातू लागू नये म्हणून झटलो. नदीच्या आणि समुद्राच्या पाण्यात लोह, जस्त, तांबं, शिसं, कॅडमियम किती आहे हे मोजणं, हे माझं काम.

कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात, जिथे १९०४ साली रामानुजन दाखल झाले होते, मी रसायनशास्त्र शिकलो आणि पुढे गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आलो. १९६६ साली सुरू झालेल्या या संस्थेला १९७६ मध्ये ‘गवेषणी’ हे संशोधन जहाज मिळालं. १९८३ मध्ये जर्मनीत बांधलेली ‘सागरकन्या’ आली. माझ्या पिढीचं शिक्षण या दोन जहाजांवर झालं.

एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते मोजायला फारसे कष्ट नाहीत. पण किनाऱ्यापासून दूर, वरच्या थरातल्या पाण्यात लोह असतं लिटरला काही नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. नमुन्यात जितकं जस्त असतं त्याहून जास्त घामाच्या थेंबातून, रबरी वायसरातून किंवा पावडर लावलेल्या हातमोज्यातून त्यात पडू शकतं. आणि हे पाणी गोळा करायचं ते पोलादी जहाजावरून. जहाज गंजू नये म्हणून त्याच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावलेले, रंगात तांबं, धुराड्यातून काजळी.

म्हणूनच जुने आकडे आपसात जुळत नसत. एकाच समुद्राचे दोन प्रयोगशाळांचे निकाल कितीतरी पटींनी वेगळे यायचे, खोलीप्रमाणे धातू कसा बदलतो याला काही क्रम दिसायचा नाही. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी शिशाच्या बाबतीत दाखवून दिलं की अनेकांनी मोजलेलं शिसं समुद्राचं नव्हतंच, ते भांड्यांचं, रसायनांचं आणि हवेचं होतं. १९७६ साली एड बॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्रात कॅडमियम हे फॉस्फेट या पोषकद्रव्याच्या पावलावर पाऊल टाकून चालतं, हे सिद्ध केलं. केन ब्रुलँड यांच्या गटाने उत्तर पॅसिफिकमध्ये जस्ताचा तसाच क्रम दाखवला: वर जवळजवळ नाहीच, खोल गेल्यावर शंभरपटीच्या आसपास. सूक्ष्म प्लवक वरच्या पाण्यातून धातू उचलतात, मरून खाली जाताना तो सोडतात. नमुने स्वच्छ घेतले तेव्हाच हा क्रम उमटला.

आमचा बराचसा वेळ त्यामुळे धुण्यात जायचा. पॉलिइथिलीनच्या बाटल्या आठवडे-आठवडे आम्लात बुडवून ठेवायच्या, आम्लही न उकळवता, संथपणे ऊर्ध्वपातित केलेलं. पोलादी तारेऐवजी केवलारचा दोर, आतून टेफ्लॉन लावलेली बाटली. पृष्ठभागाचं पाणी घ्यायला छोटी होडी जहाजापासून दूर, वारा येतो त्या बाजूला न्यायची आणि नाकाडावरून हात लांब करून बाटली भरायची. प्रयोगशाळेत गाळलेल्या हवेची खोली. आणि प्रत्येक खेपेला ब्लँक: नमुना सोडून बाकी सगळं तसंच, तीच बाटली, तेच आम्ल, तेच हात. त्यात जो धातू सापडेल तो आपला, समुद्राचा नव्हे. नमुन्याइतकाच ब्लँक आला तर दिवसभराचं काम बाजूला ठेवायचं. नव्या मुलांना हे जड जायचं. पण ब्लँक न मोजता दिलेल्या आकड्यावर मी कधी सही केली नाही.

एवढ्या थोड्या धातूची उठाठेव कशाला, असं नातेवाईक विचारायचे. याच काटेकोर मोजमापातून कळलं की पेट्रोलमधलं शिसं हवेवाटे महासागराच्या मध्यापर्यंत पोचलं होतं. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं, त्यामागच्या जागतिक पुराव्यात या आकड्यांचा वाटा आहे. दक्षिणी महासागरात प्लवकांची वाढ लोहाअभावी अडते, हेही असंच समजलं. २००९ साली आमच्या संस्थेने आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने ‘लोहाफेक्स’ मोहिमेत सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह सोडून पाहिलं. प्लवक वाढले, पण त्यांना चरणाऱ्या कोपेपॉडांनी ते फस्त केले. सिलिका कमी असल्याने डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच बांधणारे प्लवक, फोफावले नाहीत आणि फारच थोडा कार्बन खोल गेला. समुद्रात लोह टाकून हवामान सावरण्याची स्वप्नं पाहणाऱ्यांना ही माहिती फार मोलाची आहे.

निवृत्तीनंतर मी मेलकावेरीला परतलो. कावेरी इथून मयिलाडुतुरैमार्गे पुंपुहारला समुद्राला मिळते. तिथे गोड्या पाण्यातले लोहाचे अतिसूक्ष्म कण खारं पाणी लागताच गोळा होऊन गाळात बसतात, तर गाळाला चिकटलेलं कॅडमियम क्लोराइडशी जोडी जमवून पाण्यात सुटतं. समुद्राला नदी काय देते ते मुखाशी ठरतं. वरच्या बाजूला मेट्टूरला १९३४ मध्ये कावेरीवर धरण झाल्यापासून नदीत पाणी सुटण्याची वेळ बरीचशी माणसाच्या हाती आहे. पाणी पुरेसं असेल त्या वर्षी १२ जूनला मेट्टूरचे दरवाजे उघडतात.

इथल्या मुलामुलींना मी एकच आग्रह करतो. पाणी सुटण्याआधी आणि सुटल्यावर, ठरलेल्या जागी, कल्लणैच्या बंधाऱ्याला, मेलकावेरीला, पुंपुहारला नमुने घ्या. बाटल्या नीट धुवा, ब्लँक मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा. उपकरण पुढे चांगलं मिळेल, पण आजचं पाणी पुन्हा मिळणार नाही. कावेरी बदलली का, हा प्रश्न वीस वर्षांनी कोणी विचारेल तेव्हा उत्तर त्या वहीतूनच द्यावं लागेल.